‘तो आपला विषय नाही’

वाचकाचं पत्र

आदरणीय ताई, सप्रेम नमस्कार.

मी भूगर्भशास्त्रात एम.एस्सी. करते आहे, शेवटचं वर्ष आहे. प्रकल्पासाठी काही गावांतल्या बोअरवेलच्या पाण्याचे नमुने घेतले. त्यांतल्या काही गावांत फ्लोराइड बरंच जास्त निघालं. अशाच एका गावात शाळेजवळ नमुना भरत असताना मुलं भोवती जमली. ती हसली तेव्हा दिसलं की बऱ्याच जणांच्या दातांवर पिवळे, तपकिरी डाग आहेत. मी हे सरांना सांगितलं. ते म्हणाले, “तो आपला विषय नाही. डॉक्टर बघतील. आपण पाण्यापुरतं लिहायचं.”

तेव्हापासून मला सार्वजनिक आरोग्यात काम करावंसं वाटतं आहे. घरचे म्हणतात, डॉक्टर नसताना तिथे तुला कोण विचारणार? माझी एमबीबीएस करणारी मैत्रीण म्हणते, फार तर आकडे भरायचं काम मिळेल. मग आतापर्यंत शिकले ते सोडून पहिल्यापासून सुरुवात करू का? आणि त्या डागांचं काय करू?

– एक विद्यार्थिनी

उत्तर

प्रिय मैत्रिणी,

तुमच्या पत्रात प्रश्न बरेच आहेत, पण मला आधी त्या डागांबद्दल बोलायचं आहे. घरच्यांचं म्हणणं, मैत्रिणीचं म्हणणं, पुढचा अभ्यासक्रम हे सगळं नंतर. बाटलीत पाणी भरता भरता तुम्ही मुलांच्या दातांकडे पाहिलंत आणि दोन्ही गोष्टींचा संबंध मनात जोडलात. हेच सार्वजनिक आरोग्याचं काम, आणि ते तुम्ही करून बसला आहात. योगायोग असा की याच डागांचं कोडं साधारण शंभर वर्षांपूर्वी सुटलं, आणि ते एका विषयाच्या माणसाला सुटणारं नव्हतं. ती हकीकत जरा सविस्तर सांगते, कारण तुमच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं तिच्यात आहेत.

१९०१ साली फ्रेडरिक मॅके नावाचा तरुण दंतवैद्य अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्प्रिंग्ज इथे दवाखाना थाटायला आला. तिथे लहानाचे मोठे झालेल्या अनेकांच्या दातांवर त्याला गडद तपकिरी डाग दिसले. दंतवैद्यकाच्या पुस्तकांत त्यांचा पत्ता नव्हता. गावकऱ्यांकडे कारणं भरपूर होती: कोणी मांसाला दोष देई, कोणी दुधाला. १९०९ मध्ये ग्रीन व्हर्डिमन ब्लॅक हे त्या काळचे नामवंत दंतसंशोधक त्याच्या जोडीला आले आणि दोघांनी चिकाटीने माणसं तपासली. दोन गोष्टी ठळकपणे पुढे आल्या. दात पूर्ण तयार झाल्यावर, मोठेपणी त्या गावात राहायला आलेल्यांना डाग पडत नव्हते, म्हणजे जे काही घडतं ते बालपणी, दात घडत असताना. आणि डागाळलेले दात किडत मात्र कमी होते. ही दुसरी गोष्ट त्यांना कोड्यातच टाकून गेली.

मॅकेचा संशय पाण्यावर होता, पण पाण्याच्या तपासणीत काही सापडत नव्हतं. १९२३ मध्ये त्याला आयडाहो राज्यातल्या ओकली या गावाहून बोलावणं आलं. तिथल्या पालकांनीच त्याला सांगितलं की काही मैलांवरच्या एका कोमट झऱ्याचं पाणी नळाने गावात आणल्यापासून मुलांच्या दातांवर डाग दिसू लागले आहेत. मॅकेने त्या पाण्याची तपासणी केली, संशयास्पद काहीच मिळालं नाही. तरीही त्याने सल्ला दिला की ही नळयोजना सोडा आणि जवळच्या दुसऱ्या झऱ्याचं पाणी घ्या. गावाने ऐकलं. काही वर्षांनी लहान मुलांचे नवे कायमचे दात आले ते स्वच्छ, बिनडागाचे. कारण नेमकं काय आहे हे कोणालाच ठाऊक नव्हतं, तरी उपाय लागू पडला होता. रुग्णांना तपासत बसण्याऐवजी मॅकेने गावाचं पाणी बदललं, हा मुद्दा पुढे मैत्रिणीशी बोलताना उपयोगी पडेल.

कारण सापडलं ते आणखी आठ वर्षांनी, आणि ते शोधणारा माणूस दातांशी काडीचाही संबंध नसलेला होता. आर्कान्सा राज्यात बॉक्साइट नावाचं गाव होतं, ॲल्युमिनियम बनवणाऱ्या अल्कोआ कंपनीच्या खाणीभोवती वसलेलं. तिथल्या मुलांच्या दातांवर डाग होते, आणि अवघ्या पाच मैलांवरच्या दुसऱ्या गावात ते नव्हते. त्याच सुमारास ॲल्युमिनियमची भांडी विषारी असतात अशी आवई उठली होती, त्यामुळे कंपनीचे मुख्य रसायनतज्ज्ञ एच. व्ही. चर्चिल यांना या डागांची बातमी लागताच काळजी वाटली. त्यांनी बॉक्साइटचं पाणी वर्णपटाच्या साहाय्याने, म्हणजे त्यातल्या घटकांतून निघणाऱ्या प्रकाशाचे रंग पाहून, तपासून घेतलं. नेहमीच्या चाचण्या ठरावीक घटकच शोधत. या पद्धतीत जे काही असेल ते दिसे. पाण्यात फ्लोराइड निघालं, दहा लाख भागांत १३.७ भाग, म्हणजे लिटरमागे साधारण १३.७ मिलिग्रॅम. चर्चिल यांचा विश्वास बसेना. त्यांनी नवा नमुना मागवून पुन्हा तपासायला लावला. आकडा तोच आला. जानेवारी १९३१ मध्ये त्यांनी मॅकेला पत्र लिहून हे कळवलं आणि डाग पडणाऱ्या इतर गावांचं पाणी पाठवायला सांगितलं. तिथेही फ्लोराइड होतं.

मग अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेतले दंतवैद्य ट्रेंडली डीन यांनी गावोगावची मुलं तपासून डागांच्या पायऱ्या ठरवल्या, प्रत्येक गावाचं फ्लोराइड मोजलं आणि दोन्ही शेजारी मांडलं. लिटरमागे साधारण १ मिलिग्रॅमपर्यंत बहुतेकांना डाग पडत नाहीत, पडले तर अगदी फिकट, आणि दात किडणं मात्र कमी होतं, हे या मांडणीतून पुढे आलं. मॅके आणि ब्लॅक यांना कोड्यात टाकणाऱ्या दुसऱ्या निरीक्षणाचाही उलगडा तिथेच झाला. १९४५ मध्ये अमेरिकेतल्या ग्रँड रॅपिड्स शहराने दात किडू नयेत म्हणून पाण्यात मोजून फ्लोराइड मिसळायला सुरुवात केली. तसं मिसळावं की नाही, यावरचा वाद आजही चालू आहे, पण त्यात आत्ता शिरत नाही.

दंतवैद्याने प्रश्न विचारला. पालकांनी काळाचा धागा दिला. रसायनतज्ज्ञाने आणि त्याच्याकडच्या यंत्राने पदार्थ शोधला. संख्याशास्त्राने मर्यादा ठरवली. या साखळीत एक माणूस जवळपास गैरहजर होता: हे फ्लोराइड याच गावाच्या पाण्यात का आणि शेजारच्या गावात का नाही, हे सांगणारा. तो माणूस म्हणजे तुम्ही. ग्रॅनाइटसारख्या खडकांतली फ्लोराइट, ॲपटाइट, बायोटाइट ही खनिजं, खडकाच्या फटींत वर्षानुवर्षं रेंगाळणारं पाणी, त्याचा अल्कधर्मीपणा, आणि कॅल्शियम कमी असलं की फ्लोराइड खाली न बसता पाण्यातच विरघळलेलं राहणं, हे तुम्हाला तोंडपाठ आहे. पुढची बोअर कुठे आणि किती खोल घ्यावी, कुठे घेऊच नये, याचं उत्तर दवाखान्यात मिळत नाही.

आता ‘सार्वजनिक आरोग्य म्हणजे काय’ हे मैत्रिणीला कसं सांगाल? ती शिकते आहे ते थोर काम आहे, त्याला उणं लेखू नका. तिच्यासमोर एक माणूस येतो आणि ती विचारते, याला काय झालंय? सार्वजनिक आरोग्य विचारतं, या गावात इतक्या जणांना झालंय आणि त्या गावात इतक्या कमी जणांना, हे कसं? पहिल्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा शरीरात सापडतं. दुसऱ्याचं उत्तर पाण्यात, हवेत, घराच्या बांधणीत, कामाच्या तासांत, डासाच्या सवयीत, माणसांच्या शोकाच्या रीतीत असं कुठेही सापडू शकतं. म्हणून या क्षेत्राला दुसऱ्या शास्त्रांचा हात धरल्याशिवाय एक पाऊलही पुढे टाकता येत नाही. हे सौजन्य म्हणून करायचं काम नाही, प्रश्नच तसा आहे. आणि ‘आकडे भरायचं काम’ म्हणाल, तर डीन यांनी कितीतरी वर्षं तेच केलं. ‘किती जणांना डाग आहेत’ याच्या खाली ‘किती जणांपैकी’ हा आकडा लिहिला की मगच गावाची गावाशी तुलना करता येते. तो खालचा आकडा मिळवण्यासाठी उन्हातान्हात दारोदार फिरावं लागतं.

आता उलट बाजू. शास्त्रं एकमेकांशी बोलली नाहीत तर काय होतं, त्याचं याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही, आणि तेही तुमच्याच विषयातलं आहे.

१९७० च्या दशकापासून बांगलादेशात लाखो हातपंप बसवले गेले. हेतू अतिशय चांगला होता. तळ्यांचं, ओढ्यांचं दूषित पाणी पिऊन मुलं हगवणीने आणि पटकीने (कॉलऱ्याने) दगावत होती. जमिनीखालचं पाणी जंतूंपासून बरंच सुरक्षित. युनिसेफसारख्या संस्थांनी पुढाकार घेतला, मग लोकांनी स्वतःच्या पैशाने अंगणात पंप बसवले. सूक्ष्मजीवशास्त्राच्या बाजूने हिशोब बरोबर होता. पण त्या पाण्यात आर्सेनिक आहे का, हे पाहण्याची तेव्हा रीतच नव्हती. आर्सेनिकला रंग नाही, वास नाही, चव नाही. उकळून ते जात नाही, उलट पाणी आटतं तसं त्याचं प्रमाण वाढतं.

१९८३ च्या सुमारास सीमेच्या अलीकडे, कोलकात्यात, डॉ. के. सी. साहा या त्वचारोगतज्ज्ञांकडे पश्चिम बंगालच्या खेड्यांतले रुग्ण येऊ लागले. अंगावर पावसाच्या थेंबांसारखे काळे-पांढरे ठिपके, तळहात आणि तळपाय जाड, खडबडीत झालेले. हे दीर्घकाळच्या आर्सेनिक विषबाधेचं लक्षण आहे हे त्यांनी ओळखलं आणि माग हातपंपांपर्यंत नेला. बांगलादेशात विहिरींमधल्या आर्सेनिकची खात्री झाली ती १९९३ मध्ये. जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात २००० साली आलेल्या लेखात याला इतिहासातली सर्वांत मोठी सामूहिक विषबाधा म्हटलं गेलं; साडेबारा कोटींच्या लोकसंख्येपैकी साडेतीन कोटी ते सात कोटी सत्तर लाख लोकांना धोका असल्याचा अंदाज त्यात दिला होता. मधल्या दहा वर्षांत किती घागरी भरल्या गेल्या असतील!

आर्सेनिक आलं कुठून, याचं उत्तर भूगर्भशास्त्राने दिलं. हिमालयातून वाहत आलेल्या गाळाच्या कणांवर लोहाच्या ऑक्साइडचा पापुद्रा असतो आणि त्याला आर्सेनिक चिकटलेलं असतं. गाळात गाडल्या गेलेल्या कुजक्या पाल्यापाचोळ्यावर जगणारे सूक्ष्मजीव प्राणवायू संपला की लोहाचा वापर करतात. पापुद्रा विरघळतो आणि आर्सेनिक पाण्यात सुटतं. हे मुख्यतः वरच्या, गेल्या दहा हजार वर्षांतल्या कोवळ्या गाळात घडतं. खूप खोलवरच्या, जुन्या गाळातलं पाणी बहुतेक ठिकाणी सुरक्षित निघतं. बोअर खणणाऱ्या कारागिरांना तर वाळूच्या रंगावरूनही अंदाज येतो: करडी वाळू लागली तर धोका अधिक, तांबूस-नारिंगी लागली तर कमी. अशी माहिती खणणाऱ्याच्या हातात असते आणि कित्येकदा ती कोणी विचारतच नाही. तुम्ही नमुने घेता तेव्हा बोअर खणणाऱ्यांशी बोलता ना? बोलत नसाल तर सुरू करा.

गोष्ट तिथेही संपत नाही. बांगलादेशात सुमारे ५० लाख हातपंप तपासले गेले. सुरक्षित असेल तर तोंडाला हिरवा रंग, नसेल तर लाल. जवळपास १४ लाख पंप लाल झाले. पण लाल रंग लावला म्हणून कोणी पाणी भरायचं थांबवतं असं नाही. हिरवा पंप किती लांब आहे, तो कोणाच्या अंगणात आहे, त्या घरी आपलं जाणंयेणं आहे का, बायकांनी दिवसातून किती खेपा करायच्या, यावर ते ठरतं. हा समाजशास्त्राचा आणि अर्थशास्त्राचा प्रांत. आणि लोक पुन्हा तळ्याच्या पाण्याकडे वळले तर हगवण परत येते, म्हणजे सूक्ष्मजीवशास्त्र पुन्हा दारात. एका पंपाभोवती इतकी शास्त्रं उभी राहतात. हे मी तुम्हाला घाबरवण्यासाठी सांगत नाही. यांतलं कोणतंही एक शास्त्र ‘तो आपला विषय नाही’ म्हणून घरी गेलं की किंमत पाणी पिणारा मोजतो, हे मला अगदी मनापासून सांगायचं आहे.

बाकीची उदाहरणं थोडक्यात. पटकी झालेल्या माणसाचं आतडं पाणी धरून ठेवत नाही, पण साखर आणि मीठ एकत्र दिलं तर आतड्याच्या पेशी दोन्ही आत ओढतात आणि मागोमाग पाणीही जातं. हे सोडियम आणि ग्लुकोजचं नातं रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये मांडलं, तो मूलभूत जीवरसायनशास्त्राचा प्रश्न होता. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत शिरेतून द्यायची सलाइन संपत आली तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच मिश्रण पाण्यात कालवून रुग्णांच्या नातेवाइकांच्या हाती दिलं आणि मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं. कोविडच्या काळात विषाणू हवेत किती वेळ तरंगतो हा प्रश्न सूक्ष्म कणांच्या भौतिकशास्त्राचा निघाला. लिडिया मोराव्स्का या भौतिकशास्त्राचं शिक्षण घेतलेल्या संशोधक आणि त्यांच्यासोबत एकूण २३९ शास्त्रज्ञांनी जुलै २०२० मध्ये जाहीर पत्र लिहून हवेतून होणाऱ्या प्रसाराकडे लक्ष द्या असं सांगितलं. तोवर भर हात धुण्यावर आणि पृष्ठभाग पुसण्यावर होता. खिडक्या उघडण्याचा साधा सल्ला उशिरा आला तो दोन शास्त्रांच्या भाषा जुळल्या नाहीत म्हणून, असं मला वाटतं.

पश्चिम आफ्रिकेतल्या २०१४ ते २०१६ च्या इबोला साथीचंही तसंच. अकरा हजारांहून जास्त माणसं गेली. मृतदेहाला अंघोळ घालताना, स्पर्श करताना लागण होत होती, हे वैद्यकाला कळत होतं. पण नखशिखांत झाकलेले अनोळखी लोक येऊन आईचा देह प्लास्टिकमध्ये गुंडाळून नेऊ लागले तेव्हा लोक आजारी माणसं आणि मृतदेह लपवू लागले. मानववंशशास्त्रज्ञ आणि धर्मगुरू यांना सोबत बसवून अंत्यविधीची नवी पद्धत लिहिली गेली: नातलगांना दुरून देह पाहू द्यायचा, प्रार्थना होऊ द्यायची, थडगं कुठे आहे हे सांगायचं. माणसांच्या दुःखाला जागा दिल्यावर मग विषाणूला अडवता आलं.

आता त्या डागांचं काय करायचं ते. त्या दिवशी जे पाहिलंत ते वहीत लिहून ठेवा: तारीख, बोअरचा क्रमांक, साधारण किती मुलं होती. मुलांची नावं लिहू नका, फोटो काढू नका. पण यावरून ‘फ्लोराइडमुळे दात खराब झाले’ असं प्रबंधात लिहू नका. तुम्ही पाहिलीत ती भोवती जमलेली मुलं. न जमलेल्यांचे दात तुम्हाला दिसले नाहीत. दातांवर डाग इतर कारणांनीही पडतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, काळाचा हिशोब बघा. दाताचं आवरण साधारण आठव्या वर्षापर्यंत घडतं, पुढचे दात तर त्याहून बरेच आधी. बारा वर्षांच्या मुलाच्या पुढच्या दातावरचा डाग तो तान्हा असताना आणि बालवाडीच्या वयात काय पाणी पीत होता ते सांगतो. ज्या बोअरचं पाणी तुम्ही तपासलंत ती चार वर्षांपूर्वी खणली असेल, तर तो डाग तिचा नाही! थराचं वय ठरवल्याशिवाय तुम्ही खडकाबद्दल बोलत नाही. दाताबद्दलही तीच शिस्त पाळा. प्रत्येक बोअर कधी खणली, त्याआधी लोक काय पीत होते, हे विचारा. ओकलीच्या पालकांनी मॅकेला हेच तर सांगितलं होतं. एकाच घरातली, बोअरच्या आधी जन्मलेली आणि नंतर जन्मलेली भावंडं शेजारी ठेवून पाहता आली तर बरंच काही उलगडेल.

पण दात तपासायचे ते प्रशिक्षित दंतवैद्याने, डीन यांची प्रतवारी वापरून, पालकांच्या लेखी संमतीने आणि संशोधन नीतिसमितीच्या परवानगीनंतर. हे एकटीने करू नका. एखाद्या दंत महाविद्यालयाच्या सामाजिक दंतवैद्यक विभागाला दोन पानांचं पत्र लिहा. तुमच्या बोअरचा नकाशा, फ्लोराइडचे आकडे, खोली आणि कॅल्शियम सोबत जोडा. कॅल्शियमचा रकाना तुम्ही खडकासाठी भरला असेल, पण आहारातही कॅल्शियम कमी असलं तर फ्लोराइडचा त्रास वाढतो, त्यामुळे आहारतज्ज्ञालाही तो लागेल. असा तयार नकाशा हातात पडणं त्या विभागासाठी मोठी गोष्ट असते. आणि जिथे पाणी जागतिक आरोग्य संघटनेच्या १.५ मिलिग्रॅम प्रतिलिटर या मर्यादेच्या वर निघालं, तिथे प्रबंध संपायची वाट पाहू नका. सरांना सोबत घेऊन तो आकडा पाणीपुरवठ्याची जबाबदारी असणाऱ्यांना लेखी कळवा आणि गावालाही सांगा. सांगताना दुसरी जवळची, तपासलेली विहीर किंवा बोअर कोणती ते सांगा. नुसती भीती हातात ठेवून परत येऊ नका. हे पाणी उकळून फ्लोराइड कमी होत नाही, हेही आवर्जून सांगा, कारण बहुतेकांना उकळलं की पाणी चांगलं झालं असं वाटतं.

सरांवर रागावू नका. प्रबंधाची हद्द आखून देणं हे त्यांचं काम आहे आणि अर्धवट माहितीवर आरोग्याचे निष्कर्ष काढू नयेत हा त्यांचा आग्रह योग्यच आहे. फक्त, हद्द प्रबंधाची असते, कुतूहलाची नसते. शेवटच्या प्रकरणात ‘पुढील संशोधनाची दिशा’ म्हणून चार वाक्यं लिहायची परवानगी मागा. बहुतेक ते देतील.

आणि भूगर्भशास्त्र सोडू नका. ते सोडून आलात तर सार्वजनिक आरोग्यात तुम्ही शंभरातल्या एक असाल. ते घेऊन आलात तर त्या टेबलावर दुसऱ्या कोणालाच देता येणार नाही ते उत्तर तुमच्याकडे असेल. ज्याला सगळ्या विषयांचं थोडंथोडं येतं त्याची गरज असते, नाही असं नाही, पण मॅकेची सगळी धडपड फळाला आली ती आपल्या विषयात मुरलेल्या एका रसायनतज्ज्ञामुळे. एक विषय खोलवर आणि बाकीच्यांची भाषा कळण्यापुरती, इतकं पुरेसं आहे.

ती भाषा मात्र नीट शिका. आधी साथरोगशास्त्र: नव्याने होणारे रुग्ण आणि असलेले रुग्ण यांतला फरक, दर कसा काढतात, आणि दोन गोष्टी सोबत दिसल्या तरी तिसरीच कशी कारण असू शकते. मग जैवसंख्याशास्त्र, म्हणजे आरोग्याच्या आकडेवारीचं गणित. नकाशांचं संगणकीय काम तुम्हाला येत असेलच, ती जमेची बाजू. विषशास्त्राची तोंडओळख करून घ्या, किती मात्रा आणि किती काळ, हा त्याचा गाभा. समाजशास्त्राची पुस्तकं वाचा, पण त्याहून जास्त म्हणजे लोकांशी बोलायला शिका. पाणी कोण भरतं, कुठून भरतं, हे प्रश्नावलीत खरं येतंच असं नाही. बऱ्याच विद्यापीठांत सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला डॉक्टर नसलेल्यांनाही प्रवेश मिळतो. घरच्यांना ते प्रवेशाचं पान दाखवा, माझ्या पत्रापेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल. त्यांची काळजी पोटापाण्याची आहे आणि ती रास्त आहे. त्यांना खरं तेच सांगा: रुग्णावर उपचार करायचा अधिकार तुम्हाला कधीच मिळणार नाही, तो मिळूही नये, पण पाण्याचा दर्जा, प्रदूषण, साथींचं सर्वेक्षण, आपत्तीनंतरचा पाणीपुरवठा या कामांत भूजल कळणारा माणूस लागतोच. पगार डॉक्टरांइतका असेल असं मी म्हणणार नाही.

उशीर झाला का, असंही तुमच्या मनात येत असेल. मॅकेने पहिले डाग पाहिले आणि त्याला कारण कळलं, यांत ३० वर्षं गेली. तुमची तर अजून एम.एस्सी.ही पूर्ण झालेली नाही.

अभ्यासक्रम निवडताना एकच चौकशी जरूर करा. प्रबंधाला दोन वेगवेगळ्या विभागांचे दोन मार्गदर्शक घेता येतात का? म्हणजे एक साथरोगशास्त्राचा आणि एक भूजलाचा. कागदावर ‘आंतरविद्याशाखीय’ हा शब्द सगळेच छापतात, तेव्हा गेल्या दोन-तीन वर्षांतले प्रबंध मागून पाहा आणि पहिल्या पानावर दोन्ही विभागांच्या सह्या आहेत का ते बघा. असतील तिथे अर्ज करा. नसतील तर दुसरीकडे विचारा.

तुमची,
ताई